पान ११, झोप आली: इंग्रजीच्या एका भावी शिक्षिकेचं वाचन-लेखन

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, तेव्हा अभ्यासक्रमात काही छोटे घटक नव्यानं आले. त्यातला एक होता मजकूर वाचून त्यावर चिंतन करण्याचा. गुण कमी, त्यामुळं विद्यार्थी तो फाइल भरून उरकतात आणि आम्हीही सही करून उरकतो. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इंग्रजीची मेथड, म्हणजे इंग्रजी कसं शिकवावं हे, शिकवते. पहिली काही वर्षं मीही तो असाच उरकला, हे आधीच कबूल केलेलं बरं.

या प्रकरणातली विद्यार्थिनी आता नोकरीला आहे. तिला विचारूनच लिहिते आहे. नाव दिलेलं नाही, आणि ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदललेत. लिहिताना समोर तीन गोष्टी आहेत: तिची वाचननोंदींची शंभर पानी वही, तिच्या पाठांची मी भरलेली निरीक्षणपत्रकं आणि एका बचत गटाच्या इतिवृत्ताच्या पानांचे फोटो. इतिवृत्ताचा इंग्रजीच्या शिक्षणाशी काय संबंध, हे मलाही सुरुवातीचे तीन महिने कळलं नव्हतं.

‘बुक्स आर अवर बेस्ट फ्रेंड्स’

पहिलं काम मी सगळ्या वर्गाला दिलं होतं: वाचन-लेखनाशी तुमचं नातं कसं आहे, ते एका पानात इंग्रजीत लिहा. तिचं पान स्वच्छ होतं. समास सोडलेला, शीर्षकाखाली दोन रेघा. ‘रीडिंग इज माय हॉबी. बुक्स आर अवर बेस्ट फ्रेंड्स. आय रीड मेनी बुक्स इन माय फ्री टाइम.’ स्पेलिंगची एकही चूक नाही. ‘बेस्ट फ्रेंड्स’वालं वाक्य त्या गठ्ठ्यात आणखी बऱ्याच पानांवर होतं, काही ठिकाणी तर स्वल्पविरामासकट. मी प्रत्येकीच्या पानाखाली एकच प्रश्न लिहिला: शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक कोणतं, आणि त्यातलं काय आठवतं?

बहुतेकींनी कुठल्या तरी प्रसिद्ध कादंबरीचं नाव लिहून पान परत दिलं. ही दोन दिवसांनी स्टाफरूमच्या दारात आली. आत कोणी नाही असं बघून म्हणाली, “मॅडम, ते हॉबीचं लिवलंय न्हवं, ते दहावीच्या निबंधातलं हाय. इंग्लिशचं पुरतं वाचल्यालं पुस्तक एकपण न्हाई.”

ती बी.ए. स्पेशल इंग्लिश होती आणि फर्स्ट क्लास होता. तीन वर्षांत अभ्यासाला असलेल्या कादंबऱ्या, नाटकं, कविता तिनं नोट्समधून केल्या होत्या. आधी मराठीतला सारांश, मग प्रश्नोत्तरं, मग परीक्षेच्या आदल्या रात्री यूट्यूबवर पंधरा मिनिटांचा व्हिडिओ. मूळ पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीत होतं, पण प्रत एक आणि मुली साठ. यात तिचा दोष काढण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागातून इंग्रजी घेऊन पदवीधर झालेल्या कुणालाही विचारा, निम्म्याहून जास्त वेळा हीच गोष्ट ऐकायला मिळेल. फरक एवढाच की ही दारात येऊन ते बोलली.

तिची पुढची माहिती हळूहळू कळत गेली. जत तालुक्यातलं गाव. आई अथणीकडची, त्यामुळं घरात अव्वा आणि अज्जी एकमेकींशी कन्नडमध्ये बोलणार आणि वडील मराठीत. शाळा जिल्हा परिषदेची, मराठी माध्यमाची. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्याआधी ते पाचवीपासून असायचं. ही पहिलीत गेली तेव्हा तिला ‘ए फॉर अ‍ॅपल’ शिकवणारे गुरुजी स्वतः पाचवीत पहिल्यांदा इंग्रजी शिकलेले. धोरण पुढं गेलं होतं, गुरुजी आधीच्या पिढीतले होते. त्यांनी काय करावं? फळ्यावर लिहायचे आणि मुलांकडून उतरवून घ्यायचे. वाचणं म्हणजे मोठ्यांदा म्हणणं आणि लिहिणं म्हणजे उतरवणं, हे तिथं जे पक्कं झालं ते बी.ए. होईपर्यंत हललं नाही.

दहावीत तयार मसुदे आले. तक्रारपत्र, अभिनंदनपत्र, भाषण, दोन बाजू मांडणारा उतारा. तिला मी सहज म्हटलं, रजेचा अर्ज म्हणून दाखव. तिनं डोळे मिटले आणि ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट’पासून ‘युवर्स ओबीडियंटली’पर्यंत एका दमात म्हटला. आजारपण तापाचंच होतं. दहावीतही तापाचंच होतं.

माझी पहिली चूक

माझ्यासारख्या शिक्षकाला अशा वेळी एकच सुचतं: हिला चांगलं काहीतरी वाचायला दिलं पाहिजे. मी माझ्या कपाटातली आवडती कादंबरी काढून दिली आणि वही घालून दिली. म्हटलं, रोज वाच आणि वाचलेल्याबद्दल लिही. आठवड्यानं वही आली: ‘द ऑथर हॅज ब्यूटिफुली डिस्क्राइब्ड नेचर.’ दुसऱ्या आठवड्यात तेच, निसर्गाच्या जागी ‘ह्यूमन लाइफ’. पुस्तकाचं सोळावं पान दुमडलेलं होतं. त्यापुढची पानं अगदी कोरी करकरीत.

मग मी तिला शेजारी बसवलं आणि पहिल्या पानावरचे पहिले शंभर शब्द मोजून दिले. जे नक्की माहीत नाहीत त्यांच्याखाली पेन्सिलीनं रेघ मार, म्हटलं. रेघा निघाल्या सतरा. हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली एक प्रयोग केला होता. त्यातून निघालेला अंदाज असा: गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायची, तर शंभरातले साधारण ९८ शब्द आधीच ओळखीचे लागतात, म्हणजे अनोळखी दोनच. हिला मी दर सहाव्या शब्दाला ठेच लागेल असा रस्ता दिला होता आणि वर म्हणत होते, फिरायला जा, मजा येईल. हा अंदाज मी मेथडच्या तासाला वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते. माझ्याच विद्यार्थिनीला पुस्तक देताना तो आठवला नाही.

दुसऱ्या दिवशी पाचवी-सहावीच्या मुलांसाठीची इंग्रजी गोष्टींची पातळ पुस्तकं काढली. तिचा चेहरा उतरला. “मॅडम, ही तर पोरांची पुस्तकं. मी बी.ए. स्पेशल इंग्लिश हाय.” अपमान खरा होता. शब्द कमी पडतात म्हणून गोष्टही लहान मुलांची वाचावी लागणं हे मोठ्या माणसाला लागतंच. मग मी सरळ खोटं बोलले. म्हटलं, तुला वाचायला नव्हे, सराव पाठांसाठी काढलीत. आठवीच्या मुलांना यातली कुठली जमतील ते तू ठरव. तेवढ्यावर ती घेऊन गेली. पुढं मोबाइलवर स्टोरीवीवरच्या तिसऱ्या-चौथ्या पातळीच्या गोष्टी दाखवल्या. प्रथम बुक्सचा हा साठा २०१५ पासून खुला आहे, फुकट आहे आणि त्यात एकच गोष्ट अनेक भारतीय भाषांत सापडते. इंग्रजी, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषांत असलेली गोष्ट हातात आल्यावर ती पहिल्यांदा जरा सैल झाली.

वहीचा नियमही बदलला. पुस्तकाबद्दल मत लिहायचं नाही. फक्त कुठं थांबलीस आणि का, एवढंच लिहायचं, भाषा कुठलीही चालेल. पहिली नोंद मराठीत आली: ‘पान ११. झोप आली.’

मला त्या नोंदीनं जेवढा आनंद झाला तेवढा गेल्या काही वर्षांत कुठल्याच असाइनमेंटनं झाला नव्हता. ती पंधरा वर्षांच्या शिक्षणातली तिची पहिली खरी वाचननोंद होती. पुढच्या नोंदी अशा: ‘पान ४. एसटी आली.’ ‘पान १९. मुलगा बापाला खोटं का बोलला कळंना. मागं जाऊन बघितलं.’ ‘पूर्ण. शेवट आवडला न्हाई.’ आणि महिनाभरानं एक मोठी नोंद. एका म्हातारीची आणि तिच्या शेळीची गोष्ट तिनं घरी अज्जीला कन्नडमध्ये सांगितली होती. सांगून झाल्यावर अज्जीनं विचारलं, पण शेळी शेवटी कुणाच्या घरी राहिली? हिला सांगता येईना. ती मोबाइल उघडून पुन्हा वाचायला बसली, तर कळलं की लेखकानंही ते सांगितलेलं नाही. वहीत लिहिलं होतं: ‘अज्जी म्हणाली, मग ही कसली गोष्ट. मी म्हणाले, अशीच आहे. दोघी बराच वेळ बोललो.’

परीक्षेचा संबंध नसताना एखादा मजकूर दुसऱ्यांदा वाचायची तिची ती पहिलीच वेळ.

म्हैस आटली

लेखनाकडं मी मुद्दाम हात लावला नव्हता. एका शुक्रवारी तिनं रजा मागितली. अर्ज तापाचा होता, पण तोंडी म्हणाली, “खरं म्हंजे बँकेचं सायेब येणार हायेत गटाकडं. इतिवृत्त पुरं करायचंय.” मी विचारलं, ते तू का पुरं करायचं? तर आई गटाची सचिव, आईला लिहिता येतं पण हात चालत नाही, म्हणून नववीपासून वही हीच लिहिते. मी म्हटलं, सोमवारी येताना दाखवायला आण. वही आणता येत नाही, गटाची असते. तिनं फोटो आणले.

इतिवृत्ताची एक ठरलेली भाषा असते. ‘आजची सभा अध्यक्षांच्या परवानगीने सुरू झाली’ वगैरे. तिच्याही पानांवर ते होतं. पण मधे मधे हे होतं:

‘हप्ता आला नाही. कारण विचारले. म्हैस आटली आहे. पुढच्या महिन्यात दोन्ही देते म्हणाल्या. कोणी काही बोलले नाही. सर्वांनी मान्य केले.’

मी ते तीन-चारदा वाचलं. दोन ते पाच शब्दांची वाक्यं. विशेषण एकही नाही. ‘कोणी काही बोलले नाही’ या वाक्यात आधी सगळी बैठक दिसते: खाली घातलेल्या माना, स्वतःचाही हप्ता कधीतरी चुकेल हे प्रत्येकीला ठाऊक असणं. त्यानंतर मान्यता. ‘बुक्स आर अवर बेस्ट फ्रेंड्स’ लिहिणाऱ्या हातानंच हे लिहिलं होतं. तिला विचारलं, हे वाक्य का घातलंस, ते तर नियमात नाही. तिनं थोडा विचार केला. “मॅडम, म्हंजे पुढं कुणी म्हणाय नगो, आमी तवाच नको म्हणलं हुतं.” लिहिण्याचा उपयोग काय असतो याचं इतकं नेमकं उत्तर मेथडच्या एकाही पाठ्यपुस्तकात मी वाचलेलं नाही.

आणि हे ती लेखन धरतच नव्हती. गल्लीतल्या लोकांचे तलाठ्याकडचे अर्ज, कनेक्शन तुटलं म्हणून वीज मंडळाला पत्र, चुलतबहिणीच्या सासरी पाठवायचा लांबलचक मेसेज, सगळं हिच्याकडं यायचं. माझ्या पहिल्या असाइनमेंटच्या पानावर यातलं काहीही नव्हतं, कारण मी विचारलं होतं ‘वाचन-लेखनाशी नातं’, आणि ते शब्द तिच्या लेखी शाळेच्या आवारातले होते.

भावी शिक्षकांच्या वाचनाबद्दल बोलताना २००४ सालचा एक अमेरिकी अभ्यास हमखास निघतो, अ‍ॅपलगेट आणि अ‍ॅपलगेट यांचा. शिक्षक होऊ घातलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी जवळपास निम्म्यांना वाचनाची गोडीच नव्हती. या स्थितीला त्यांनी ‘पीटर इफेक्ट’ म्हटलं. बायबलमधला पीटर भिकाऱ्याला सांगतो की सोनं-रुपं माझ्याजवळ नाही. तसंच, जे शिक्षकाकडंच नाही ते तो मुलांना कुठून देणार. आपल्याकडं याला आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून, असं म्हणतात. मीही वर्गात हे दोन्ही जोडून सांगत असे. पण पीटरचं वाक्य तिथं संपत नाही. तो पुढं म्हणतो, जे माझ्याजवळ आहे ते तुला देतो. ही पुढची ओळ मला या मुलीमुळं आठवली. तिचा आड कोरडा नव्हता. आम्ही सगळे, पहिलीतल्या गुरुजींपासून माझ्यापर्यंत, पोहरा दुसऱ्याच आडात सोडत होतो.

मी तिला सांगितलं, आता इतिवृत्त इंग्रजीत लिही. गटाचं नको, कशाचंही. काय झालं, कोण काय म्हणालं, शेवटी काय ठरलं. उन्हाळा होता, गावात टँकर सुरू झाले होते. तिनं लिहून आणलं:

‘द टँकर केम अ‍ॅट फोर. फॉर्टी पॉट्स वेअर स्टँडिंग इन लाइन. पॉट्स डू नॉट फाइट. ओन्ली वी फाइट. माय मदर गॉट सिक्स पॉट्स. शी गेव्ह वन टु द ओल्ड मॅन. नोबडी सेड एनीथिंग.’

इथं माझी दुसरी चूक होता होता राहिली. लाल पेन ‘स्टँडिंग’वर टेकलं होतं. घागरी उभ्या कशा राहतील, ‘वेअर केप्ट’ हवं. मग लक्षात आलं की घागरी नंबराला उभ्या आहेत म्हणूनच त्या पुढच्या वाक्यात भांडत नाहीत. ‘केप्ट’ केलं असतं तर व्याकरण जिवंत राहिलं असतं आणि घागरी मेल्या असत्या. पेनाला टोपण लावलं. शेवटचं वाक्य बचत गटातून आलं होतं, हे सांगायला नकोच.

मुलं, फळा आणि चाळीस घागरी

आता पाठांकडं. पहिला सराव पाठ आठवीवर होता, ३५ मिनिटांचा. माझ्या निरीक्षणपत्रकात नोंद आहे की बहुतेक वेळ तीच बोलत होती. एक ओळ वाचायची, मराठीत अर्थ सांगायचा, ‘अंडरस्टँड?’ विचारायचं, आणि वर्ग एका सुरात ‘येस मॅडम’. मधेच खिडकीजवळच्या मुलानं एका शब्दाचा अर्थ विचारला. तो तिच्या पाठ टाचणात नव्हता. ती म्हणाली, “तो शब्द इम्पॉर्टंट नाही.” मुलगा खाली बसला. नंतर वर्षभरात त्यानं तिला काही विचारलं असेल असं वाटत नाही.

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही तर उलटंच शिकवलं होतं. सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे छोट्या सराव पाठांचं, ३६ मिनिटांचं चक्र, प्रश्न विचारण्याचं कौशल्य, उद्दीपनात बदल, सगळं झालं होतं. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञानं १९७५ साली यावर बोट ठेवलं आहे: माणूस शिक्षक होण्याआधी हजारो तास बाकावर बसून शिक्षक बघत असतो, आणि प्रशिक्षणातलं काहीही त्या उमेदवारीपुढं टिकत नाही. ‘इम्पॉर्टंट नाही’ हे वाक्य तिच्या कुठल्या तरी सरांचं होतं. तिच्याही नकळत ते तिच्या तोंडून आलं.

दुसऱ्या वर्षी १६ आठवड्यांची इंटर्नशिप. दुसरी शाळा, पुन्हा आठवी, वर्गात बेचाळीस मुलं. तिनं ठरवलं की रोज शेवटची पाच मिनिटं मुलांनी काल बघितलेलं काहीतरी तीन ओळींत इंग्रजीत लिहायचं. पहिल्या दिवशी नमुना म्हणून स्वतःच्या टँकरच्या ओळी फळ्यावर लिहिल्या. दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या तर बहुतेक सगळ्या वहीत टँकर चार वाजता आला होता आणि चाळीस घागरी रांगेत उभ्या होत्या. काहींनी पन्नास केल्या होत्या. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा ती रडवेली झाली होती आणि मला हसू आवरत नव्हतं. तिनं ज्या मसुद्यातून सुटका करून घेतली, तोच आता तिच्या हातून मुलांच्या पुढ्यात गेला होता.

नमुना द्यायचं तिनं बंद केलं. मग मुलं अडली. एकानं विचारलं, “मॅडम, आधी मराठीत लिहू का?” तिनं हो म्हटलं. पहिल्या पाठाच्या पत्रकात मीच ‘मातृभाषेचा अतिवापर’ असा शेरा मारला होता, त्यामुळं मला बघून ती जरा बिचकली. मी काही बोलले नाही. मराठीत लिहिलेली तीन वाक्यं मुलं मग शब्द मागत मागत इंग्रजीत नेऊ लागली आणि ती मागणी तिच्या टाचणातल्या शब्दांपेक्षा फार वेगळी होती: कडबा, डबकं, उसनवारी, कुत्र्यानं अंग झाडणं. अर्ध्याहून जास्त शब्द तिला येत नव्हते. शाळेतला शब्दकोश कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली शिपाईमामांकडं आणि मामा बँकेत. एकदा तिनं आणि मुलांनी मिळून अंदाजानं एक शब्द ठरवला, तो साफ चुकला. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन सांगितलं, काल आपण चुकलो. बेचाळीस मुलांसमोर हे बोलताना कसं वाटलं, असं मी विचारलं. “पोटात गोळा आला. पर पोरं हसली न्हाईत. त्यांनी खोडून नीट लिवलं.”

हे सगळं सुरळीत झालं असं चित्र उभं करायचं नाही. शाळेतल्या वर्गशिक्षकांनी तिसऱ्या आठवड्यात स्पष्ट सांगितलं, घटक चाचणी जवळ आली आहे, तीन ओळींचा खेळ पुरे, पत्रलेखन घ्या. त्यांचंही खोटं नव्हतं. दहावीला लेखी पेपर ८० गुणांचा आणि त्यातले लेखनाचे प्रश्न ठरलेल्या साच्याचे. तिनं पत्रलेखन घेतलं. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ फळ्यावर आलंच.

त्याच सुमारास तिनं मला चिंतनाचं एक पान दिलं, ते वाचताच खटकलं. गुळगुळीत परिच्छेद, प्रत्येकाच्या शेवटी एक सुविचार, आणि गावाच्या आयुष्याला ‘टॅपेस्ट्री’ म्हटलेलं. मी विचारलं, टॅपेस्ट्री म्हणजे काय गं? ती गप्प. मोबाइलमधल्या एआयकडून लिहून घेतलं होतं. मी रागावले, आणि तिनं त्या दिवशी पहिल्यांदा मला उलट उत्तर दिलं. “मॅडम, तुमाला माझ्या घागरी आवडत्यात. पर मुलाखतीला हेडसर काय घागरी वाचणार हायेत? त्यास्नी हेच इंग्लिश लागतंय.”

यावर माझ्याकडं चांगलं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी २०० प्रश्नांची, दोन तासांची, सगळे प्रश्न बहुपर्यायी. पात्रता परीक्षा १५० गुणांची, तीही बहुपर्यायी. इंग्रजीच्या शिक्षकानं एखादं पुस्तक वाचलंय का, त्याला स्वतःची चार वाक्यं लिहिता येतात का, हे या वाटेवर कुठंही कुणी विचारत नाही. जिथं गोल काळे करायचे आहेत तिथं वाचनाच्या वहीचा आग्रह धरणारी मी एकटी. एवढंच म्हटलं की एआयचं घे, पण त्यातला जो शब्द मुलानं विचारला तर सांगता येणार नाही, तो खोड. तिनं तिथंच बसून खोडायला सुरुवात केली. पानावर फारसं काही उरलं नाही. दोघीही हसलो, पण प्रश्न तसाच राहिला.

सध्या

ती आता एका खाजगी शाळेत शिकवते. पगार सांगण्यासारखा नाही, भरतीची वाट बघणं चालू आहे. वाचननोंदींची वही इंटर्नशिप संपल्यावर मी परत दिली होती; या लेखासाठी मागितली तेव्हा कळलं की त्यात अजून भर पडते आहे. नोंदी विरळ झाल्यात, कधी महिन्याला एक. मी दिलेली ती पहिली कादंबरी तिनं पुन्हा काढली आहे. शेवटची नोंद ‘पान ४०. पेपर तपासायचे होते’ अशी आहे. पाठांतर आणि गाइड चालूच आहे, ती ते लपवत नाही. फक्त शनिवारचा शेवटचा तास वाचून दाखवण्याचा आणि तीन ओळींचा ठेवलाय, आणि तोही स्नेहसंमेलनाच्या दिवसांत जातो.

गेल्या महिन्यात रात्री तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. आठवीतल्या एका मुलाच्या वहीचं पान, शाई पसरलेली. त्यावर लिहिलं होतं: ‘अवर बफेलो इज ड्राय. फादर इज नॉट टॉकिंग.’ खाली तिचा प्रश्न: ‘मॅडम, ड्राय चुकीचं ना? म्हैस आटली असं म्हणायचंय त्याला.’

मलाही वाटलं चुकीचं असेल. उठून शब्दकोश बघितला. दूध आटलेल्या जनावराला इंग्रजीत ‘ड्राय’च म्हणतात, आणि तो अर्थ तिथं व्यवस्थित दिलेला होता. पोरानं सरळ मराठीतून उचललं होतं आणि ते नेमकं बसलं होतं. मी तिला लिहिलं: बरोबर आहे, लाल करू नकोस.

थोड्या वेळानं उत्तर आलं: ‘केलं होतं. उद्या त्याच्यासमोर खोडते.’